पंच्याण्णवची थरथर

१

सव्वीस वर्षं खिशात बाळगलेलं लायसन्स दत्तोबा मांडेकरांनी बायकोच्या हातात दिलं आणि म्हणाले, "ठेव कपाटात. आता लागायचं न्हाई."

तानाबाईंनी ते कपाटात ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चाकणजवळच्या आपल्या गावातून त्यांनी बस धरली, निगडीला दुसरी धरली आणि रावेतला पूनम तापकीरच्या गॅरेजात येऊन उभ्या राहिल्या. या गॅरेजात रंगकाम होत नसे, पत्रा ठोकला जात नसे. बोर्डावर एवढंच लिहिलेलं होतं: गाडीतले आवाज आणि थरथर. पूनमने चाकणच्या एका मोटार कंपनीच्या टेस्टिंग विभागात नऊ वर्षं हेच काम केलं होतं. नवी गाडी कुठे कापते, का कापते, हे शोधायचं. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून तिने स्वतःचं काम सुरू केलं.

"तुमी थरथर शोधता म्हणं," तानाबाई म्हणाल्या.

"गाडीतली शोधते."

"मंग गाडीतलीच हाय का, एवढंच सांगा. दादासाहेब म्हणतात, ती आमच्या ह्यांच्या हातातली हाय."

पूनमने स्टूल पुढे केलं. तानाबाईंनी बसून सगळं सांगितलं. दत्तोबा पंधरा वर्षं दादासाहेब वाल्हेकरांची गाडी चालवत होते. आठ दिवसांपूर्वी एक्सप्रेसवेवर, कामशेतच्या बोगद्याच्या अलीकडे, स्टेअरिंग इतकं हललं, की दत्तोबा गाडी कडेला घ्यायला गेले आणि ती कठड्याला घासली. मागे बसलेल्या अंबुबाईंचं, म्हणजे दादासाहेबांच्या आईचं, मनगट मोडलं. दादासाहेबांनी गाडी तपासून घेतली. गाडीत काहीच दोष निघाला नाही. मग दोष कुणात, हे सगळ्यांनी मिळून ठरवलं.

"ह्यांच्या वडलांना कंपवात हुता. शेवटी घास तोंडापतुर जाईना. आता हे बी तेच धरून बसलेत. चहा पिताना माझ्याकडं पाठ करतात."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला सुईतलं दिसत न्हाई. ह्यांच्याकडनंच दोरा ओवून घेते. परवा बी घेतला. पयल्या झटक्यात ओवला."

पूनमने हात पुसले आणि गॅरेजचं शटर खाली ओढलं. "चला, तुमच्या घरी जाऊ," ती म्हणाली.

२

दत्तोबा ओसरीवर बसले होते. दोन्ही हात मांड्यांखाली. पूनमने हातांचा विषयच काढला नाही.

"पहिल्यांदा कधी जाणवलं? वार आठवतो का?"

"न आठवायला काय झालं? रविवारी पनवेलला जाऊन आलो, तवा गाडी लोण्यासारखी. मंगळवारी बाळाजीकडं टायर फिरवायला टाकली, पुढचे मागं, मागचे पुढं. दर दहा हजारला करतो आमी. संध्याकाळी रविराज, म्हंजे दादासाहेबांचा पुतण्या, जाऊन घेऊन आला. बुधवारी निगडीतल्या निगडीत फिरलो, काटा चाळीसच्या वर गेला न्हाई. गुरुवारी लोणावळ्याला निघालो. पंच्याऐंशीला हाताला मुंग्या आल्यागत झालं. पंच्याण्णवला स्टेअरिंग नाचायला लागलं. ऐंशीवर आणलं, थांबलं."

"ब्रेक मारल्यावर वाढत होतं?"

"न्हाई."

"गाडी एका बाजूला ओढत होती?"

"न्हाई."

"पायाखालचा जोर काढला तर?"

"तरी तसंच. पायाशी संबंध न्हाई. काट्याशी हाय."

पूनमने वहीत तीन ओळी खोडल्या. ब्रेकची तबकडी वाकडी असती, तर ब्रेक मारताना कापलं असतं. अलाइनमेंट बिघडली असती, तर गाडी ओढली असती. एक्सल खराब असता, तर पाय काढल्यावर फरक पडला असता. उरली चाकं.

"दत्तोबा, आजारी हात काटा बघून थरथरत नाहीत," ती म्हणाली.

त्यांनी मान वर केली, पण लगेच हलवली. "तुमी पुढचं ऐका. शुक्रवारी गाडी परत बाळाजीकडं नेली. त्यानं चारी चाकं काढून मशिनीवर लावली. चारी बरोबर. शनिवारी रविराजनं शंभरनं चालवली. गाडी गप. मंग नऊ दिवसांनी, सोमवारी, देहूरोडला पंक्चर झालं. पुढचं डावं चाक. समोरच दुकान हुतं, त्यानं चाक काढलं, पंक्चर काढून बसवलं."

"स्टेपनी नाही लावली?"

"चार वर्षांत स्टेपनी बाहेर काढायची येळच आली न्हाई. तर त्यानंतर बुधवारी मोठ्या बाईंना घेऊन निघालो आन् हे झालं. गाडी पुन्हा बाळाजीकडं तपासली, रविराजनं पुन्हा शंभरनं नेली. पुन्हा गप." त्यांनी हात मांड्यांखालून काढले आणि त्यांच्याकडे बघितलं. "तो नेतो तवा गाडी गप, मी नेतो तवा थरथर. तुमीच सांगा, मी काय समजायचं?"

पूनमने त्या वाक्याखाली रेघ ओढली. याला उत्तर आहे, याची तिला खात्री होती.

"वडिलांच्या आजाराचं कुणाकुणाला माहीत आहे?"

"गावातली जुनी माणसं. तिकडं निगडीत फक्त बाळाजीला. पंधरा वर्षं त्याच्याकडं चहा पितोय, घरचं सगळं बोललोय."

३

दादासाहेब वाल्हेकर मूळचे रावेतचे शेतकरी. आता चाकणला गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनवायचा कारखाना आणि निगडी प्राधिकरणात बंगला. पूनमला त्यांनी आत घेतलं ते केवळ अंबुबाईंनी आतून हाक मारली म्हणून.

"मला इचारा की. मी हुते ना गाडीत," अंबुबाई म्हणाल्या. डावा हात प्लॅस्टरात होता. "खोटं कशाला बोलू, मला मागं काय सुदीक जाणवलं न्हाई. मांडीवर पुऱ्यांचा डबा हुता, त्याचं झाकण वाजलं न्हाई. पन दत्तोबाचे दंड निस्ते थडथडत हुते. मला मागनं दिसत हुतं."

"बघा," रविराज म्हणाला. तो अठ्ठावीस वर्षांचा होता, घरच्या सगळ्या गाड्यांचं तोच बघायचा. "गाडी हलत असती, तर आजीला कळलं नसतं का? मी दोनदा शंभरने नेली. एकदम स्मूथ. दत्तोबाकाकांबद्दल मला वाईट वाटतं, पण हे नवीन नाही. बाळाजीने मला आधीच सांगितलं होतं. रोटेशनला टाकलेली गाडी आणायला गेलो ना, तेव्हा म्हणाला, काकांचे हात हल्ली थरथरतात, घरी बोलू नका, पण लक्ष ठेवा. मी पण बोललो नाही. बोललो असतो तर आजीचा हात वाचला असता."

पूनमने दोघांचंही बोलणं जसंच्या तसं लिहून घेतलं.

"एकदा मी चालवून बघते," ती दादासाहेबांना म्हणाली. "तुम्ही शेजारी बसा."

किवळ्यावरून ते एक्सप्रेसवेला लागले. ऐंशी. पंच्याऐंशी. दादासाहेब तिच्या हातांकडे बघत होते. नव्वद. पंच्याण्णव. पूनमने स्टेअरिंग दोन बोटांनी धरलं. शंभर.

काहीच झालं नाही. गाडी गुळगुळीत धावत राहिली.

"आता पटलं?" दादासाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "पंधरा वर्षांचा माणूस आहे माझा. मला हौस आलीय का त्याला काढायची?"

तळेगावच्या फाट्यावरून पूनमने गाडी परत वळवली. बंगल्यासमोर गाडी थांबली, तेव्हा ती म्हणाली, "दादासाहेब, उद्याचा एक दिवस गाडी माझ्याकडे ठेवा. आणि संध्याकाळी चार वाजता तुम्ही स्वतः या. दत्तोबांनाही बोलावते."

४

दुसऱ्या दिवशी गाडी ताब्यात घेऊन ती आधी बाळाजीच्या दुकानात गेली. नीटनेटकं दुकान होतं. टायर ओळीने रचलेले, हत्यारं भिंतीवर आपापल्या जागी. बाळाजी पन्नाशीचा, बोलायला गोड. त्याने कशालाच नाही म्हटलं नाही.

"बघा ना ताई, तुम्ही तर कंपनीतल्या," तो म्हणाला. वाल्हेकरांच्या गाडीचं पुढचं चाक त्याने स्वतः काढून बॅलन्सिंगच्या मशिनवर चढवलं. मधल्या भोकात शंकूसारखा तुकडा घालून आवळलं आणि फिरवलं. पडद्यावर दोन्ही बाजूंना शून्य आलं. "मशिन कुणाची बाजू घेत नाही."

"खरं आहे," पूनम म्हणाली. "चाक परत कसं बसवता?"

"गाडी उचललेलीच ठेवायची. चाक हाताने तोलून धरायचं. नट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळायचे. घाई करायची नाही." बोलत बोलत त्याने तसंच बसवलं. हाताला चांगलंच वळण होतं.

"बरेच जण एवढं करत नाहीत."

"रस्त्याकडेचे लोक तर चाक लटकवतात, गाडी खाली सोडतात आणि मग एकेक नट पिळतात."

"म्हणजे तुमच्याकडून गेल्यावर ही गाडी नेहमी चांगली चालते."

"नेहमी," बाळाजी हसून म्हणाला. मग त्याने आवाज उतरवला. "दत्तोबांना एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखवा, ताई. देवमाणूस आहे."

पूनमने मान डोलावली. या दुकानातून गेल्यावर गाडी चांगली चालते, आणि दुसऱ्या कुणी चाक काढून बसवलं की कापते. रविराज आणि दत्तोबांच्या हातांत फरक नव्हताच. फरक होता तो त्यांच्या आधी चाकाला कुणाचे हात लागले होते, यात. पण चांगलं चाक कुणीही बसवलं तरी चांगलंच बसायला हवं. मग हे का बसत नव्हतं?

आणि गुरुवारची थरथर? तेव्हा तर गाडी बाळाजीकडूनच आली होती.

५

चार वाजता दादासाहेब आले, बरोबर रविराज. दत्तोबा आणि तानाबाई आधीच येऊन बसले होते. मालक आणि ड्रायव्हर एकमेकांकडे न बघता उभे राहिले.

पूनमने जॅक लावून पुढचं डावं चाक काढलं आणि पुन्हा लावलं. या वेळी तिने बाळाजीसारखं काही केलं नाही. चाक लटकवलं, गाडी खाली घेतली आणि एकेक नट पिळला. सगळे नट पूर्ण घट्ट असल्याचं तिने दादासाहेबांनाच पाना लावून बघायला सांगितलं.

"आता तुम्ही चालवा," ती म्हणाली. "पंच्याण्णवच्या वर नेऊ नका."

ती त्यांच्या शेजारी बसली आणि दोघे अर्ध्या तासात परत आले. दादासाहेब दार उघडून बाहेर आले. उजव्या हाताने डावं मनगट चोळत राहिले.

"काका, काय झालं?" रविराजने विचारलं.

"घड्याळाचा पट्टा वाजत होता हातावर," दादासाहेब म्हणाले.

"तुमच्या वडिलांना कंपवात होता का?" पूनमने विचारलं.

"नव्हता."

ओसरीवर मांड्यांखाली हात घालून बसणारे दत्तोबा आता गॅरेजच्या भिंतीला टेकले. तानाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. पदर सारखा केला, एवढंच.

पूनमने गाडी पुन्हा उचलली आणि चाक काढलं. गाडीच्या बाजूला हबचा गोल उंचवटा उघडा पडला. "चाकाचं मधलं भोक या उंचवट्यावर घट्ट बसलं पाहिजे. चाकाला मध्यावर तोच धरतो, नट फक्त आवळून ठेवतात." तिने नट न लावता चाक उंचवट्यावर ठेवलं आणि हलवलं. ते खडखडलं. चाक आणि हब यांच्यात नखाएवढी फट दिसत होती. मग तिने डिकीतून स्टेपनी काढली. तेच डिझाइन, तोच रंग. ती उंचवट्यावर दाबताच खट्‌कन बसली आणि एकाही नटाशिवाय जागच्या जागी राहिली. पूनमने रविराजला ती ओढायला सांगितली. त्याला दोन्ही हात लावावे लागले.

"स्टेपनी गाडीबरोबर कंपनीतून आलेली आहे. खाली लावलेली चार चाकं तशी दिसतात, पण तशी नाहीत. भोक मोठं आहे. बॅलन्सिंगचं मशिन शंकू घालून चाक बरोबर मध्यावर पकडतं, म्हणून तिथे शून्य येतं. गाडीवर ते दरवेळी वेगळं बसतं. जपून बसवलं तर मध्यावर, नाही तर केसभर बाजूला. साठला ते केसभर कळत नाही. पंच्याण्णवला ते सगळं स्टेअरिंगमध्ये येतं. पुढचं चाक कापलं की स्टेअरिंग हलतं, मागचं कापलं की सीट. आजींच्या डब्याचं झाकण वाजलं नाही, ते खरंच होतं. बिघाड पुढे होता."

तिने चाक पालथं केलं. आतली बाजू चकचकीत होती. "चार वर्षं चाललेल्या चाकाच्या आत ब्रेकचा काळा भुसा भाजून बसतो, घासला तरी जात नाही. इथे बोटाला लागेल एवढाही नाही. टायर तेच जुने आहेत. त्यांच्या आतली चाकं, म्हणजे रिम, कुणीतरी बदलली."

दादासाहेबांनी त्या चकचकीत बाजूवरून बोट फिरवलं. मग पहिल्यांदाच ते दत्तोबांकडे वळले.

"गाडीची किल्ली पंधरा वर्षं कुणाकडे असते, दत्तोबा?"

तानाबाई उठून उभ्या राहिल्या. आजारी ठरवलेला त्यांचा नवरा एका वाक्यात चोर ठरला होता.

६

"दादासाहेब, तो प्रश्न बाळाजीच्या दुकानात विचारू," पूनम म्हणाली. "तिथेच उत्तर मिळेल."

सगळे आलेले बघून बाळाजीने खुर्च्या मांडल्या. पूनम बसली नाही.

"रविवारी पनवेलला गाडी चांगली चालली. गुरुवारी कापली. म्हणजे चाकं या दोन दिवसांच्या मध्ये बदलली. देहूरोडचा पंक्चरवाला नंतरचा, तो सुटला. टायर चाकावरून उतरवून दुसऱ्या चाकावर चढवायला मशिन लागतं, ते दत्तोबांच्या ओसरीवर नाही. मधल्या काळात गाडी मशिन असलेल्या एकाच जागी आली. मंगळवारी, इथे."

"ताई, मी जी चाकं आली तीच पुढची-मागची करून दिली," बाळाजी शांतपणे म्हणाला. "संध्याकाळी गाडी रविराज घेऊन गेले. पुढे बंगल्यावर पोचेपर्यंत कुठे थांबली, मला काय ठाऊक?"

रविराजचा चेहरा उतरला. दादासाहेबांची नजर त्याच्याकडे गेली.

"रविराज," पूनमने विचारलं, "काकांचे हात थरथरतात, हे यांनी तुला कधी सांगितलं?"

"गाडी आणायला आलो तेव्हा. सांगितलं ना तुम्हाला."

"वार?"

"मंगळवार. त्या दिवशी माझ्या मित्राचा साखरपुडा होता, मी गाडी घेऊनच तिकडे गेलो. रात्रभर ती हॉलच्या पार्किंगला वॉचमनसमोर होती, वाटल्यास विचारा."

"विचारायची गरज नाही. दत्तोबा, स्टेअरिंग पहिल्यांदा थरथरलं कधी?"

"गुरुवारी."

"त्याआधी तुम्ही कुणाजवळ थरथर हा शब्द तरी काढला होता?"

"कशाला काढीन? काय झालंच नव्हतं."

पूनम बाळाजीकडे वळली.

"थरथर गुरुवारी सुरू झाली," पूनम म्हणाली, "आणि तिचं कारण बाळाजीशेठनी मंगळवारीच सांगून ठेवलं. कारण चाकं घाईत बसवल्यावर त्यांनी गाडी मोकळ्या रस्त्यावर एकदा पळवून बघितली असणार, आणि ती कापते हे त्यांना कळलं असणार. रविराज दारात येऊन उभा, परत बसवायला वेळ नाही. दोन दिवसांत तक्रार येणार, हे नक्की होतं. शुक्रवारी ती आली, तेव्हा त्यांनी चाकं जपून मध्यावर बसवली आणि गाडी गप झाली. पण तक्रार करणारा माणूसच खोटा ठरावा, याची तजवीज त्यांनी आधीच केली होती."

बाळाजीने फडक्याने हात पुसायला सुरुवात केली. हात स्वच्छच होते. तो बराच वेळ पुसत राहिला.

"एका गिऱ्हाईकाची सेम गाडी होती," अखेर तो म्हणाला. "चारी चाकं खड्ड्यात वाकलेली. कंपनीची चाकं लगेच पाहिजेत म्हणाला. मी यांची दिली, यांना सारखी दिसणारी लावली. फट भरायची रिंग मिळते, ती मागवली होती. आलीच नाही. मोठ्या बाईंना लागेल असं मला वाटलं नव्हतं."

दत्तोबा पुढे आले. "बाचं मी तुला सांगितलं हुतं," ते म्हणाले. "ह्याच बाकड्यावर बसून. तू माझ्या पाठीवर हात ठेवला हुतास."

बाळाजीने मान खाली घातली.

"चाकं मागितली असतीस, तर दादासाहेबांना सांगून म्या सोडवून दिली असती. हातावर कशाला गेलास?"

बाळाजीने फडकं बाकड्यावर ठेवलं. दादासाहेबांनी पोलीस चौकीला फोन लावला.

७

चार दिवसांनी दादासाहेब स्वतः गाडी चालवत मांडेकरांच्या दारात आले. गाडीवर कंपनीची चाकं होती. त्यांनी किल्ली ओसरीवर ठेवली.

"चूक झाली, दत्तोबा. उद्यापासून या."

दत्तोबांनी किल्ली उचलली नाही. "येतो. पन एक सांगायचंय. माझे हात गेले, हे तुमी कारखान्याच्या गेटवर बोलला हुता. सगळे ड्रायव्हर हुते तिथं. माझा भाचा बी हुता."

"मग?"

"मंग हात हायेत, हे बी तिथंच बोला."

वाल्हेकरांना असं कुणी सांगत नसे. तानाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"पहिली शिफ्ट तीनला सुटते," दादासाहेब घड्याळ बघून म्हणाले. "निघालो तर पोचू."

तीन वाजता कारखान्याच्या गेटवर कामगारांच्या बस आणि टेम्पो उभे होते. ड्रायव्हर मंडळी सावलीला जमलेली. दादासाहेब गाडीतून उतरले, त्यांच्यात जाऊन उभे राहिले आणि कुठलीही प्रस्तावना न करता बोलले. "दत्तोबांच्या हातांबद्दल मी इथे जे बोललो ते खोटं होतं. चाकं बदललेली होती. दत्तोबांनी मला सांगितलं, मी ऐकलं नाही. माझ्या आईचं मनगट माझ्या न ऐकण्यानं मोडलं, त्यांच्या हातानं नाही."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक जुना टेम्पोवाला पुढे आला, त्याने दत्तोबांचा हात हातात घेतला आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला. मग दुसरा आला. मग भाचा.

शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाला. दत्तोबांनी दादासाहेबांकडे हात पसरला, आणि दादासाहेबांनी त्यावर किल्ली ठेवली.

"कुठं न्यायची?" दत्तोबांनी विचारलं.

"तुम्ही सांगाल तिकडं," दादासाहेब म्हणाले आणि दुसऱ्या बाजूने जाऊन बसले.